नटाचे प्रस्थान आणि आपली आत्मचरित्रे

१

मराठी गद्यात नटनटींच्या आत्मचरित्रांनी एक स्वतंत्र दालन उभे केले आहे, हे आता कोणी नाकारणार नाही. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ १९४० साली आली. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ १९४८ साली. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’चा साहित्य अकादमीने १९५८ साली गौरव केला. पुढे हंसा वाडकर, दुर्गा खोटे, श्रीराम लागू यांनी आपापल्या परीने या दालनात भर घातली. या ग्रंथांचा विचार आजवर प्रामुख्याने रंगभूमीच्या इतिहासाची साधने म्हणून झाला. कोणत्या नाटकात कोणाची भूमिका होती, कोणती मंडळी कशामुळे फुटली, कोणत्या पदाला कोणती चाल कोणी दिली, हे शोधण्यासाठी अभ्यासक त्यांची पाने चाळतात. ते योग्यच आहे. परंतु आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आहे, आणि वाङ्मय म्हणून त्यास काही वेगळे प्रश्न विचारावे लागतात. त्यांपैकी एकच प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहो : नट होण्यासाठी माणूस आपले गाव सोडून मोठ्या शहराकडे निघतो, त्या प्रस्थानाचे प्रकरण आपल्या आत्मचरित्रकारांनी कसे लिहिले आहे?

हा प्रश्न सुचण्याचे कारण ही पुस्तके आम्ही जेथे बसून वाचतो त्या जागेत आहे. बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यावर मांडवीची कमानदार वास्तू उभी आहे. तेथून चार रस्ते चार दिशांना फुटतात आणि लहरीपुरा, पाणीदरवाजा, चांपानेर दरवाजा व गेंडीदरवाजा येथे जुन्या कोटाबाहेर पडतात. आत्मचरित्र लिहिणारा नट पुण्यात किंवा मुंबईत, म्हणजे तो जेथे पोहोचला त्या ठिकाणी, बसून लिहितो. मांडवीतील वाचक ते वाचतो तो जेथून माणसे निघाली त्या ठिकाणी बसून. पोहोचलेल्याच्या दृष्टीने जी ओळ केवळ प्रास्ताविक असते, ती मागे राहिलेल्याच्या दृष्टीने मुख्य विषय ठरू शकते. या दुसऱ्या दृष्टीने ही पुस्तके वाचली असता त्यांचे गुणदोष निराळे दिसू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

लेखक आणि नट यांच्यातील एक मूलभूत भेदही येथे ध्यानात घेतला पाहिजे. गो. स. सरदेसायांनी बडोद्याच्या नोकरीत राहून रियासतीचे खंड सिद्ध केले; राजकवी चंद्रशेखरांनी येथेच कविता लिहिली. लेखकाचे हस्तलिखित टपालाने पुण्यास किंवा मुंबईस जाऊ शकते व लेखक घरी राहू शकतो. १९०९ पासून २०१८ पर्यंत साहित्य संमेलन या नगरीत अनेकदा भरले, याचाही अर्थ हाच, की राजधानीपासून दूर राहूनही साहित्याचा संसार करता येतो. नटास ही सवलत नाही. त्याची कला त्याच्या देहापासून सुटी करता येत नाही. म्हणून कलेस जेथे जावयाचे तेथे देहासही जावे लागते. नटाच्या चरित्रात स्थलांतर ही आनुषंगिक घटना नसून ती त्याच्या व्यवसायाची पहिली अट आहे. ज्या आत्मचरित्रात या अटीचा हिशेब नाही, ते आत्मचरित्र इतर बाबतींत कितीही संपन्न असले तरी एका बाजूने अपुरे राहते.

२

बडोदे हे कलावंतांना बोलावून घेणारे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८८६ साली मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली, १८९० साली कलाभवन निघाले, १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषद येथे भरली. फैय्याजखाँ येथल्या दरबारचे गवई होते, आणि १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीस येथल्याच दरबाराचा आश्रय लाभला. असे असूनही मराठी संगीत रंगभूमीचा पहिला अलौकिक गायक-नट याच शहरातून बाहेर गेला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर यांचा जन्म १८६३ साली बडोद्यास झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली पुण्यात नव्या युगाचा आरंभ केला होता. त्यांच्या मंडळीस स्त्रीभूमिकेसाठी गोड व पल्लेदार गळा हवा होता. तो बडोद्यात सापडला. १८८२ साली भाऊराव मंडळीत गेले. ‘सौभद्रा’तील सुभद्रा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, पुढे त्यांनी पुरुषभूमिकाही गाजविल्या, आणि १९०१ साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते निवर्तले.

आश्रय देणाऱ्या शहरातून नटाने बाहेर का जावे? याचे उत्तर आश्रय आणि प्रेक्षक यांच्या भिन्न स्वरूपात आहे. दरबारी गवयास दरमहा वेतन मिळते. त्यास रिझवावयाचे असते ते धन्यास व त्याच्या पाहुण्यांस. नाटकास मात्र तिकीट काढून येणारा, रोज नवा, अनोळखी समुदाय लागतो. मंडळीपाशी बसविलेली नाटके मोजकी असत. एका मध्यम शहरातील रसिक ती काही आठवड्यांत पाहून संपवीत, आणि मग मुक्काम हलवावा लागे. दीर्घ मुक्काम पेलण्याइतका प्रेक्षक मुंबईसारख्या नगरातच मिळे. म्हणजे राजाश्रय नटास प्रतिष्ठा देऊ शके, पण रोजचा प्रेक्षागार भरून देऊ शकत नसे. बडोद्याकडे उणीव होती ती रसिकतेची किंवा औदार्याची नव्हे, संख्येची होती. हे साधे व्यावहारिक सत्य आपल्या नाट्येतिहासात क्वचितच स्पष्टपणे मांडले जाते. आणि तसे ते मांडले न गेल्यामुळे नटाचे गाव सोडणे हे केवळ नाटकाच्या ‘वेडा’चे लक्षण म्हणून खपून जाते.

भाऊरावांनी आत्मचरित्र लिहिले नाही. बडोदे सोडताना एकोणीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनात काय होते, घरच्यांनी निरोप कसा दिला, हे त्यांच्या शब्दांत आपणांस कधीच कळणार नाही. मराठी रंगभूमीवरील अशा प्रस्थानांत जे सर्वांत फलदायी ठरले, त्यातच हे प्रकरण कोरे आहे. पुढच्या पिढीने लेखणी हाती घेतली तेव्हा तरी ते भरले गेले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

३

‘माझी भूमिका’ व ‘बहुरूपी’ या दोन्ही ग्रंथांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. बोडसांची लेखणी चोख व हिशेबी. भूमिकेची घडण, तालमीची शिस्त, भागीदारीतील ताण हे सारे ते व्यवसायाच्या जाणत्या नजरेने सांगतात. कोल्हटकरांची शैली अधिक भरदार व नाट्यमय. दीनानाथांसमवेत १९१८ साली उभी केलेली बलवंत संगीत मंडळी, तिचा उत्कर्ष आणि तिचा करुण शेवट हा त्यांच्या ग्रंथाचा प्राण आहे. परंतु या दोन्ही ग्रंथांतील वजन कोठे पडते ते पाहावे. ते मंडळीवर पडते. नायक मंडळीच्या उंबरठ्यात पाऊल टाकतो आणि तेथून खरे कथन सुरू होते. त्यापूर्वीचे घर हे रंगमंचावरील पहिल्या पडद्यासारखे लगेच वर गुंडाळले जाते.

याचा दोष लेखकांवर ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. या पिढीच्या अनुभवाचे स्वरूपच तसे होते. १९३० पूर्वीचा नट शहराकडे जात नव्हता. तो मंडळीकडे जात होता. मंडळी हे एक चालते घर होते. तिचे बिऱ्हाड असे, आचारी असे, पंगत असे. मालक वडीलकीच्या नात्याने रागे भरत, आजारात शुश्रूषा होई, तालीममास्तर गुरूच्या ठिकाणी असे. पुणे, मुंबई, नागपूर, बडोदे ही सारी या घराच्या मुक्कामाची ठिकाणे होत. मुलगा एका घरातून निघे तो दुसऱ्या घरात शिरे, आणि मधला काळ एका रेल्वेप्रवासाइतकाच असे. पांढरपेशा कुटुंबात नाटकात जाणे ही अप्रतिष्ठा होती हे खरे, तथापि एकटेपणा हा त्या अनुभवाचा भाग नव्हता. म्हणूनच या ग्रंथांतील दुःखे मंडळीची दुःखे आहेत : फूट, कर्ज, भागीदारांचा बेबनाव, लाडक्या सहकाऱ्याचा मृत्यू. शहर या नावाची कोणी परकी शक्ती त्यांत खलनायक म्हणूनही येत नाही आणि मोहिनी म्हणूनही येत नाही.

या दृष्टीने पाहता ‘बहुरूपी’ला आम्ही थोडे वरचे स्थान देतो. मंडळी कोसळताना नट पुन्हा बेघर होतो, याची जाणीव त्या ग्रंथाच्या उत्तरार्धात आहे. प्रस्थानाचे मोल कोल्हटकर आरंभी सांगत नाहीत. परंतु ज्या घरासाठी पहिले घर सोडले ते दुसरे घरही टिकले नाही, हे सांगताना ते मोल आपोआप उघड होते. त्या ग्रंथातील कारुण्याचा उगम आम्हांस येथे दिसतो.

४

मंडळी कोसळण्याचे निकटचे कारण बोलपट. ‘आलम आरा’ १९३१ साली आला, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली. त्यानंतर काही वर्षांतच बहुतेक मोठ्या मंडळ्यांचे पडदे कायमचे उतरले. बलवंत मंडळीने १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला, बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली, पण नाटकाचे घर पडद्यावर नेता आले नाही. या उलथापालथीचा एक धागा बडोद्यापर्यंत येऊन पोहोचतो. ज्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करून या नव्या धंद्याचा पाया घातला, ते दादासाहेब फाळके येथल्या कलाभवनाचे विद्यार्थी होते. ज्या नगरीने मंडळीस आश्रय दिला तिनेच मंडळीच्या प्रतिस्पर्ध्याच्या जनकाचेही शिक्षण केले.

आरंभीच्या चित्रसंस्थांनी मंडळीचा कित्ता काही अंशी गिरविला. फाळक्यांचा नाशिकचा कारखाना एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखा चाले. १९२९ साली कोल्हापुरास निघून १९३३ साली पुण्यास गेलेली प्रभात कंपनी नटांना मासिक वेतन देई. दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्थाही मोडली. चित्रपटात कंत्राट आले आणि नाटकात ‘नाइट’ आली. आता नटास प्रयोगागणिक पैसे मिळू लागले, पण पंगत राहिली नाही. मुंबईस जाणारा तरुण प्रथमच खरोखर मुंबईस जाऊ लागला : गिरगावातील किंवा परळातील एखादी खोली, खानावळीचे मासिक, लोकलची धावपळ, आणि आज काम आहे तर उद्या नाही ही स्थिती. प्रस्थान या शब्दास आज आपण जो एकाकी अर्थ देतो तो येथून सुरू होतो.

हा नवा अनुभव ज्या पुस्तकाने निर्भीडपणे वाङ्मयात आणला ते हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’. १९७० साली ते ग्रंथरूपाने आले, आणि त्याच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट निर्मिला. येथे चित्रपटात येणे हे वेड नाही, हौस नाही; घराच्या मिळकतीसाठी लहान वयातच एका मुलीस कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले, हे त्याचे मूळ आहे. ‘विजयाची लग्ने’ १९३६ साली पडद्यावर आले तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. जुन्या आत्मचरित्रांत घर मागे राहते. या पुस्तकात घर पाठीवर बसूनच येते. कमावणारी ती, हिशेब दुसऱ्यांच्या हाती, आणि विसावा कोठेच नाही, हे सांगताना निवेदनात कोठेही अलंकार नाही, स्वतःविषयी दयेची याचना नाही. पुस्तक सांगून लिहविलेले असल्याने त्यात बोलीचा तुटक श्वास राहिला आहे. काही टीकाकारांस त्यात रचनेचा अभाव दिसू शकेल. आमच्या मते त्या अनुभवास तेच रूप उचित होते. जिचा दिवसच कोणी सलग राहू दिला नाही, तिच्या कथनाकडून सलगतेची अपेक्षा करणे गैर आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रस्थानाचा आणखी एक प्रकार बडोद्याच्याच एका नावाने आपल्यापुढे ठेवला आहे. अब्दुल करीमखाँ या दरबारी गवयासह ताराबाई माने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे सोडले. त्यांच्या कन्या हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. पुढे गायनात आणि १९२९ पासून नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतून रंगभूमीवर त्यांनी जे नाव मिळविले ते ‘बडोदेकर’ या आडनावाने. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा संप्रदाय अद्याप जिवंत असताना कुलीन वेषात, संयत अभिनयाने स्त्रियांनीच स्त्रीभूमिका कराव्यात, हा पायंडा दृढ करण्यात या भगिनींचा वाटा मोठा आहे. ज्या शहरास परत जाणे शक्य नव्हते ते शहर आईने मुलींच्या नावात जपले. आडनाव एवढ्यापुरतेच उरलेले हे बडोदे कोणत्याही आत्मचरित्राच्या एखाद्या प्रकरणाइतके बोलके आहे. पण ते प्रकरण कोणी लिहिले नाही.

५

बडोद्यातील मराठी वाचकास शेजारच्या भाषेतील एक ग्रंथ येथे सहज आठवतो. जयशंकर ‘सुंदरी’ यांचे ‘थोडां आंसु, थोडां फूल’ हे गुजराती आत्मचरित्र १९७६ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. विसनगरचा हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास कलकत्त्याच्या नाटक कंपनीत गेला, १९०१ साली मुंबईच्या रंगभूमीवर ‘सौभाग्यसुंदरी’त नायिका झाला, आणि त्या भूमिकेचे नावच त्यास चिकटले. आपल्या बालगंधर्वांशी त्यांची तुलना नेहमी होते. आमच्या प्रस्तुत विषयास मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९३२ साली, कीर्ती असतानाच, ते व्यावसायिक रंगभूमी सोडून विसनगरास परतले. पुढे अहमदाबादेत त्यांनी नव्या पिढीस अभिनय शिकविला आणि ‘मेना गुर्जरी’सारखी नाट्यकृती उभी करण्यात भाग घेतला. त्यांच्या भोजक समाजात मुलास नाटकात धाडणे ही रीतच होती. म्हणून तेथे प्रस्थान हे बंड नव्हते, आणि परत येणे हा पराभवही नव्हता. जो परत येतो तो निघण्याचा अर्थ सांगू शकतो. मराठी नटाच्या आत्मचरित्रात परतीचा हा अध्याय जवळजवळ नाहीच, आणि त्यामुळे पहिल्या अध्यायासही खोली येत नाही.

आपल्या नाट्यवाङ्मयाकडे पाहिले तरी हेच दिसते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने १९७० साली नटाच्या जीवनास शोकात्म उंची दिली, परंतु ती त्याच्या सायंकाळची. निवृत्त नटास घर न उरणे हा त्या नाटकाचा विषय आहे. नट होण्यासाठी त्याने एके काळी कोणाचे घर सोडले होते, याकडे ते वळत नाही. लागूंनी आपल्या आत्मकथनास ‘लमाण’ हे नाव दिले. एकीकडचा माल दुसरीकडे पोहोचविणारा तो नट, ही कल्पना मार्मिक आहे. वैद्यकाचा स्थिर व्यवसाय सोडून वयाच्या चाळिशीनंतर पूर्णवेळ रंगभूमीकडे वळलेल्या माणसास ती शोभते. परंतु तो निर्णय एका प्रतिष्ठित, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या गृहस्थाचा होता. विशीतल्या, हाती काही नसलेल्या मुलाचे प्रस्थान त्याहून सर्वस्वी भिन्न असते.

येथेच या वाङ्मयप्रकाराची स्वाभाविक मर्यादा लक्षात येते. आत्मचरित्र पोहोचलेले लोक लिहितात. जे निघाले पण पोहोचले नाहीत, चार वर्षे खोलीचे भाडे भरून पाचव्या वर्षी गावी परतले व एखाद्या कचेरीत रुजू झाले, त्यांना कोणी प्रकाशक विचारीत नाही. संख्येने ते अधिक असणार, हे उघड आहे. परिणामी वाचकास असा भास होतो की प्रस्थान आणि यश यांच्यात काही अटळ संबंध आहे : अमुक गाव सोडले म्हणून अमुक मोठा झाला. वाङ्मयाने जीवनाविषयी निर्माण केलेला हा एक भ्रम आहे, आणि त्याचे निरसन वाङ्मयानेच केले पाहिजे.

६

हा विचार केवळ इतिहासाचा नाही. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हे शहर गुजरात राज्यात आले. मराठी व्यावसायिक रंगभूमी येथल्या मराठी तरुणास राज्याच्या सीमेपलीकडची झाली. विलक्षण गोष्ट अशी, की गुजराती व्यावसायिक नाटकाचेही मोठे केंद्र मुंबईच राहिले. म्हणजे कोणत्याही भाषेत नट व्हावयाचे ठरविले तरी रस्ता एकाच दिशेस जातो. महाराज सयाजीराव विश्वविद्यालयात नाट्यशिक्षणाची पदवी मिळते. एकेकाळी गुरू मंडळीत भेटे, आज तो गावातच भेटतो. पण शिकलेली विद्या वापरण्यासाठी सुमारे चारशे किलोमीटर दूर जावे लागते. रेल्वेने हे अंतर आता काही तासांचे केले आहे, यात संशय नाही. अंतर कमी झाले म्हणून प्रस्थान सोपे झाले, असे मात्र म्हणवत नाही. भाऊराव कोल्हटकरांना बडोद्यातून मंडळीने मागून नेले होते. आजच्या तरुणास कोणी मागून नेत नाही. त्याने स्वतः जाऊन दारे ठोठवावयाची असतात, आणि मालिकेच्या निवडचाचणीस रांगेत उभे राहावयाचे असते. त्याच्यासाठी कोणतीही पंगत मांडलेली नाही.

अशा तरुणास आपले वाङ्मय काय देते? यशस्वी नटांच्या आठवणी देते. त्या आठवणींत तालमी, भूमिका, टाळ्या, मानपत्रे विपुल आहेत. निघण्याच्या दिवशीचे घर, पहिल्या वर्षीचे भाडे, घरी पाठविलेल्या किंवा पाठविता न आलेल्या पैशांचा हिशेब, भाषेच्या बडोदी वळणावर हसलेली माणसे, आणि परत यावे की नाही याचा रात्रभर चाललेला विचार, हे त्यांत फार थोडे आहे. आमची अपेक्षा एवढीच, की यापुढे नटाचे आत्मचरित्र वाचताना टीकाकाराने या प्रकरणाचा आग्रह धरावा, आणि ते लिहिताना नटाने ते टाळू नये. तसेच जे परत आले त्यांच्याकडूनही त्यांची कहाणी कोणीतरी लिहून घ्यावी. हंसा वाडकरांची कहाणी लिहून घेणारा कोणी भेटला म्हणूनच मराठीस ‘सांगत्ये ऐका’ मिळाले. मांडवीच्या आसपासच्या गल्ल्यांत अशी माणसे आजही भेटतील. त्यांच्यापाशी मानपत्रे नसतील, परंतु आपल्या नाट्यवाङ्मयात जे प्रकरण कोरे राहिले आहे त्याचा मजकूर त्यांच्यापाशी आहे.